मानाची चढाई

"मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जिना उतरताना आधी दुखरा पाय खाली टाकायचा आणि चढताना चांगला पाय वर," डॉक्टर एका दमात म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

मी मागून ओरडलो, "आणि खेळायचं कधी?"

ते थांबले. हातातल्या क्ष-किरण फोटोकडे बघत म्हणाले, "आधी चालायला तर लागा."

मला असला राग आला! राग मला पहिल्यापासून लवकर येतो आणि जायला वेळ लागतो. पण खाटेवर पाठीवर पडलेल्या माणसाच्या रागाला कोण विचारतो? बायकोनं चादर नीट केली आणि शेजारच्या खाटेवरचे म्हातारबाबा हसले. झालं.

मी कबड्डी खेळायचो. खेळायचो म्हणजे तेवढंच करायचो. पिंपरीतल्या एका कंपनीत मला नोकरी लागली तीच कबड्डीमुळे. कागदावर मी मशीनशॉपमध्ये हेल्पर होतो, पण दुपारचं जेवण झालं की सुपरवायझरच म्हणायचा, "जा राव ग्राउंडवर, इथं थांबून काय उजेड पाडणार आहेस?" सत्तरच्या दशकात आमच्या पट्ट्यात कंपनी तिथं कबड्डीचा संघ असायचा. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, सगळीकडे शिफ्ट सुटली की मैदानावर गर्दी. शिट्टी कंपनीची कुठली आणि पंचाची कुठली हे कळायचं नाही. आमच्या संघात सामन्याची पहिली चढाई माझी असायची. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण दुसरं कुणी पुढे होत नसे, आणि झालं असतं तर मी होऊ दिलं नसतं.

आमचं मूळ गाव चाकणच्या पलीकडे. तेव्हा चाकणला कंपन्या नव्हत्या, कांद्याचा बाजार होता, आणि ट्रक होते. ट्रक होते म्हणून गॅरेजं होती. त्यातल्या एका गॅरेजवाल्याचा थोरला मुलगा चाकणच्या संघात डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. माझ्याच वयाचा, बुटका, रुंद खांद्यांचा, नखांत कायम काळं ग्रीस. बाप आणि तो मिळून ट्रकची चाकं उतरवायचे, त्यामुळे त्याच्या पंज्यात काय जोर असेल ते सांगायला नको. तो घोटाच धरायचा. मनगट नाही, कंबर नाही, घोटा. एकदा बोटं बसली की सुटका नाही. तरी मी पुष्कळदा सुटलोय बरं का. आणि सामना झाला की आम्ही दोघं एकाच बाकावर बसून चहा प्यायचो. तो म्हणायचा, "भाऊ, पुढल्या वेळी न्हाई सोडत." मी म्हणायचो, "मागल्या वेळीपण हेच म्हणाला होतास."

आमच्याकडच्या जत्रेतल्या सामन्यांना एक रीत होती. गावचा जुना खेळाडू खेळ सोडायचा तेव्हा त्याला सामन्याआधी एक चढाई देत. मानाची चढाई म्हणत तिला. समोरचे सात जण हात मागे बांधून उभे राहायचे, कुणी त्याला धरायचं नाही. तो दम घालत जायचा, पार मागच्या रेषेला पाय लावायचा, परत यायचा. मग फेटा, नारळ, टाळ्या. मीसुद्धा एकदा त्या सातांत उभा होतो. आमच्या गावचे एक केस पिकलेले गडी चढाईला आले होते, गुडघे कुरकुरत होते त्यांचे, आणि दम मध्येच तुटत होता. आम्ही गालातल्या गालात हसलो होतो. बाहेर आल्यावर त्यांनी फेट्याच्या शेवटानं डोळे पुसले. मला वाटलं होतं, आनंदानं.

पाय मोडला तो भोसरीच्या मैदानावर. समोर चाकणचाच संघ होता. मी आत खोल गेलो आणि परत फिरताना गॅरेजवाल्याच्या मुलानं घोटा धरला. मी मध्यरेषेकडे अंग टाकलं, त्याच्या मदतीला आणखी तिघं माझ्यावर पडले. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मी ऐकला, आणि त्यानंही ऐकला, कारण त्याची पकड एकदम सुटली. आजवर ती अशी कधी सुटली नव्हती.

टेम्पोत आडवा पडल्यावर मी आमच्या कप्तानाला पहिलं काय विचारलं असेल? "रेषेला हात लागला का?"

"लागला," तो म्हणाला. "चौघं बाद."

"मग ठीक आहे," असं म्हणून मी बेशुद्ध पडलो. ही गोष्ट कंपनीत पुढे वर्षानुवर्षं सांगितली गेली, आणि मीही ती छाती फुगवून ऐकत आलो.

मांडीचं हाड खुब्याच्या सांध्यापाशी मोडलं होतं. पुण्याच्या इस्पितळात आधी पायाला वजन बांधून ठेवलं, मग ऑपरेशन करून आत पोलादी पट्टी आणि स्क्रू बसवले. मशीनशॉपमध्ये रोज स्क्रू हाताळणाऱ्या माणसाच्याच अंगात स्क्रू! सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून रडलो.

चाकणचा तो गॅरेजवाला बाजाराच्या दिवशी भेटायला यायचा. कांद्याचा एखादा ट्रक पुण्याला येत असला की त्यात बसून. पहिल्यांदा आला तेव्हा आई खाटेशी होती. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ह्योच का तो?"

तो दारातच उभा राहिला. "व्हय. मीच."

आईनं माझ्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "उभा का? बस की." तो खाली फरशीवर बसला. खाटेच्या पायथ्याशी, माझ्या मोडक्या पायाच्या बाजूला. जाताना मोसंबी ठेवून जायचा. मी म्हटलं, "अरे खेळात होतं असं, तू काय मुद्दाम केलंस का?" तर मान हलवायचा, पण वर बघायचा नाही.

घरी आल्यावर खरे हाल सुरू झाले. आम्ही काळेवाडीत चाळीतल्या एका खोलीत राहायचो. संडास सामायिक, चाळीच्या टोकाला. उकिडवं बसायचं नाही म्हटल्यावर सुतारानं एका लाकडी खुर्चीच्या मधोमध भोक पाडून दिलं. रोज सकाळी बायको ती खुर्ची उचलून पुढे, मी कुबड्या टेकत मागे, अशी आमची वरात निघायची. रांगेतली माणसं बाजूला सरायची. "येऊ द्या, येऊ द्या त्यांना." ज्यांनी पूर्वी मला मैदानावर शिव्या घालून घालून प्रोत्साहन दिलं होतं तीच ही माणसं. आता कुणी शिवी देत नव्हतं. मला त्यांची ती माया नको होती. बायको म्हणायची, "लोक चांगलं वागतात ते पण सोसत नाही का तुम्हाला?" नाही सोसत! काय करू?

जेवताना मी स्टुलावर आणि घरचे सगळे खाली. पंगतीला गेलो की भिंतीशी एक खुर्ची ठेवायचे आणि मी तिथं एकटा ताट मांडीवर घेऊन, आजारी जावयासारखा. हळूहळू मी लग्नांना जाणंच बंद केलं.

कुबड्या गेल्या, काठी आली. काठी गेली. पाय बोटभर आखूड झाला होता, चांभारानं चपलेच्या तळाला चामड्याचे थर लावून दिले. कंपनीनं मला टूल स्टोअरमध्ये बसवलं. बसूनच काम. खिडकीतून ड्रिल द्यायचं, खिडकीतून ड्रिल घ्यायचं. त्या खिडकीतून ग्राउंडचा एक कोपराही दिसायचा, हे बसवणाऱ्याला ठाऊक नसावं. ठाऊक असूनही बसवलं असेल तर त्याचं भलं होवो.

मग मी पवनेच्या काठानं चालू लागलो. आधी चालणं, मग झपझप चालणं, मग सायकल. चिंचवडपर्यंत, पुढे आकुर्डीपर्यंत. थंडीत खुबा आतून ठणकायचा, पोलाद गार पडलं की आधी त्याला कळायचं आणि मग मला. तरी मी थांबलो नाही. काठावर कुणी नाहीसं बघून दम घालायचो. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, एका श्वासात, एका बाभळीपासून पुढच्या बाभळीपर्यंत. धुणं धुणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. हसू देत. दम शाबूत होता. पूर्वीपेक्षा लांबलाच होता. छाती, मान, हात, सगळं जागच्या जागी होतं. एका सांध्यासाठी उरलेला अख्खा माणूस टाकून द्यायचा म्हणजे काय?

डॉक्टरांना शेवटचं दाखवायला गेलो तेव्हा ते खूश झाले. "उत्तम. सायकल चालवा, पोहा, हलकं पळा. कबड्डी मात्र नाही. आत लोखंड आहे, पुन्हा मोडलं तर मी काही करू शकणार नाही." मी बाहेर येऊन बायकोला सांगितलं, "पळा म्हणाले." पुढचं सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आणि एक दिवस कप्तान स्टोअरच्या खिडकीशी आला. मराठवाड्यातून आलेला, प्रेस शॉपमधला उंच गडी. मी पडल्यापासून पहिली चढाई तोच करायचा. खिडकीच्या फळीवर कोपर टेकून म्हणाला, "तुमच्या गावच्या जत्रेला सामना आहे. आपण आणि चाकण. येणार ना?"

"बघायला?"

"बघायला कशाला? पहिली चढाई तुझी." इतकं बोलून तो गेलासुद्धा. थांबला असता तर मी त्याला मिठी मारली असती, मध्ये खिडकी होती तरी.

काय सांगू मी त्या दिवसांबद्दल! मी शिट्टी वाजवत ड्रिल देत होतो. सायकल दुप्पट हाणत होतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे काही मागितलं होतं, दिलं नव्हतं. पहिली चढाई तुझी, म्हणजे सगळं पूर्वीसारखं, म्हणजे कप्तान स्वतः बाजूला होतोय. घरी बायको माझी जुनी जर्सी धुऊन तिची उसवलेली बाही शिवत बसली होती. मी बडबडत होतो, चाकणचा डावा कोपरा असा येईल, मी तसा वळेन. ती मान खाली घालून टाके घालत होती. मला वाटलं, घाबरलीय. म्हटलं, "काही होत नाही ग." ती उठून चुलीपाशी गेली.

जत्रेत मैदान आखलेलं होतं. चुन्याच्या रेषा, कडेनं माणसं, झाडांवर पोरं. आई देवळाच्या पायरीवर बसली होती. मी मध्यरेषेपाशी वाकलो. पूर्ण वाकता येत नव्हतं, म्हणून एका बाजूनं. मातीला हात लावून कपाळाला लावला. पंचानं शिट्टी दिली. दम सुरू केला आणि रेषा ओलांडली.

पाय टाकला की त्याचा आपला असा आवाज असतो. माझा आता वेगळा येत होता, एक पाऊल जड आणि एक हलकं. पण गेलो. उजव्या बाजूला झुकलो, हूल दिली. ज्याला हूल दिली तो हलला नाही. पूर्वी माझ्या नुसत्या खांद्याच्या हिसक्यानं माणसं मागे उडायची. मी आणखी आत गेलो. मधला खेळाडू माझ्याकडे बघून हसला. छान हसला, वडीलधाऱ्याकडे बघून हसावं तसा. आणि मग मला त्याचे हात दिसले.

हात पाठीमागे बांधलेले होते. सातही जणांचे.

मी दम घालतच होतो. तोंड आपलं काम करत होतं, कबड्डी, कबड्डी. कडेला कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. पंचाच्या मागं एकजण ताटात फेटा आणि नारळ घेऊन उभा होता. इतका वेळ तो मला कसा दिसला नाही? मागच्या रेषेला पाय लावायचा, परत फिरायचं, एवढंच उरलं होतं. समोर डाव्या कोपऱ्यात तो उभा होता. त्याचेही हात मागे. मी सरळ त्याच्यासमोर गेलो आणि पाय पुढे केला. मोडलेला पाय. घोटा त्याच्या पायांशी नेऊन ठेवला. त्यानं खाली बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

"पकड की! पकड ना रे!" मी ओरडलो.

टाळ्या थांबल्या. मला आणि सगळ्या मैदानाला एकाच वेळी कळलं, की माझा दम तुटलाय. दुसऱ्याच्या मैदानात दम तुटला की गडी बाद. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी पंचाकडे वळलो. त्याची शिट्टी ओठांत होती. त्यानं ती वाजवली नाही. हातानं 'या, या' अशी खूण केली आणि नारळ उचलला.

मी म्हणालो, "मी बाद आहे. बाद दे."

"असू दे हो," पंच म्हणाला, "मानाची आहे."

मानाची! कुणाचा मान? मला त्या दिवशी पिकल्या केसांचे ते गडी आठवले आणि फेट्यानं त्यांनी डोळे का पुसले तेही समजलं. माझे केस तर काळे होते. डोक्यावर फेटा बांधून घेतला, नारळ घेतला, कारण आई पायरीवरून बघत होती. मग खरा सामना सुरू झाला आणि पहिली चढाई कप्तानानं केली.

परतीच्या एसटीत मी बायकोला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि बोलली नाहीस?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "कप्तान आधी घरी येऊन माझ्याशी बोलले होते. म्हणाले, त्याला सांगायचं धाडस होत नाही, तुम्ही सांगा वहिनी. मी रोज सांगणार होते. पण इतके खूश होता तुम्ही. तुम्हाला असं हसताना कधीपासून पाहिलं नव्हतं हो." नारळ तिच्या मांडीवर होता. तो आम्ही फोडला नाही. सुकून आतून वाजायला लागला तेव्हा तिनं तो कुणाला तरी देऊन टाकला.

मी कुणावर रागवायचं? सगळे माझ्या भल्याचंच बघत होते. असल्या रागाचं काही करता येत नाही, तो नुसता पोटात बसून राहतो. मी सायकल बंद केली. नदीकाठ बंद केला. स्टोअरच्या खिडकीत ग्राउंडकडे पाठ करून बसायला लागलो. खुबा पुन्हा आखडला, जिना चढताना कठडा धरावा लागू लागला. बायको म्हणाली, "निदान चालायला तरी जा." मी ऐकलं नाही. चालून कुठं जायचं होतं?

असे किती दिवस गेले कोण जाणे. एका सुट्टीच्या दुपारी मात्र मी चाकणच्या एसटीत बसलो. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. गॅरेजमध्ये तो एकटाच होता. एका ट्रकखालून सरपटत बाहेर आला आणि मला बघून तसाच बसून राहिला.

"खेळतोस का अजून?" मी विचारलं.

"न्हाई." हात चिंधीनं पुसत म्हणाला, "सोडलं. जत्रेनंतर उतरलोच न्हाई. त्याच्या आधीपण कुणाचा घोटा न्हाई धरला भाऊ. तुझ्यानंतर कुणाचाच न्हाई. हात जातच न्हाई तिकडं."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, मी एकटाच बसलोय.

मी चपला काढल्या. गॅरेजच्या अंगणात तेल पिऊन काळी झालेली माती होती, तिच्यावर पायानं एक रेघ ओढली. "ऊठ," म्हटलं. "कोपऱ्यात उभा राहा."

"न्हाई जमायचं मला."

"ऊठ म्हणतो ना!"

तो उठला. मी रेघेला हात लावला, कपाळाला लावला आणि दम सुरू केला. तो मागे सरत भिंतीला टेकला. मी पाय पुढे केला, त्यानं माझं मनगट धरलं, तेही दोन बोटांनी. मी हात झटकला आणि परत रेघेच्या अलीकडे आलो. "हे काय? राखी बांधतोयस काय मला? धरायचं तर नीट धर!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ओठ आवळले गेले होते, आणि ते मी ओळखत होतो. मी पुन्हा गेलो. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. पाय टाकला, तोच पाय. तो खाली बसला आणि त्याची बोटं घोट्यावर बसली.

ती तशीच होती! मी सगळा जोर लावला. वळलो, ओढलं, अंग टाकलं. पूर्वी इथून खुब्याचा एक झटका द्यायचो आणि सुटायचो. झटका आलाच नाही. आत काहीतरी गच्च बसलेलं होतं, ते हललं नाही. मी मातीत पडलो, हात लांब केला. रेघ तिथंच होती, माझ्या बोटांच्या जरा पुढे. दम घालत राहिलो, डोळ्यांपुढे काळं यायला लागलं तरी घालत राहिलो. त्यानं सोडलं नाही. मग श्वास संपला.

आम्ही दोघं तसेच पडून होतो, त्याचा हात अजून माझ्या घोट्याभोवती. रस्त्यावरून कांद्याचा ट्रक गेला.

"बाद?" मी विचारलं.

त्यानं बाहीनं नाक पुसलं. "व्हय भाऊ," तो म्हणाला. "बाद."